'प्रेक्षक जुन्यातच रमतात' म्हणणाऱ्या मराठी निर्मात्यांना, कोल्हापूरच्या एका भिशीकडून खुलं पत्र

मराठी सिनेमा बनवणाऱ्या आणि तो कुठे, किती वाजता लावायचा ते ठरवणाऱ्या सगळ्यांना नमस्कार,

मी कोल्हापूरची. आमची अकराजणींची भिशी आहे. सगळ्यात लहान माझी भाची, सव्वीस वर्षांची, आणि सगळ्यात मोठ्या माझ्या सासूबाई, वय शहात्तर. २०२३ च्या जुलैत आम्ही सगळ्याजणी मिळून 'बाईपण भारी देवा' बघायला गेलो, काहीजणी नऊवारी नेसून आल्या होत्या, आणि तिथून बाहेर पडतानाच ठरलं की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भिशीची चिठ्ठी काढून झाली की थिएटरला जायचं आणि मराठीच सिनेमा बघायचा. काही महिने चुकले, लग्नसराई, परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, पण बाकी आम्ही जातोच. आवडलेला असो नसो, तिकीट काढून बघतो आणि मग चहाला बसून त्याच्यावर भांडतो.

गेल्या महिन्यात रविवारच्या साडेबाराच्या शोची अकरा तिकिटं मी चार दिवस आधी काढली. शनिवारी रात्री मेसेज आला, शो रद्द, पैसे परत येतील. फोन केला तर कळलं की हिंदी सिनेमाला गर्दी आहे म्हणून ती वेळ त्याला दिली, तुमच्या सिनेमाचा आता सकाळी पावणेदहाचा एक आणि रात्री साडेदहाचा एक शो आहे. सकाळी पावणेदहाला रविवारी घरातल्या बायका कशा येणार, आणि रात्री साडेदहाचा शो सुटणार एकला, तेव्हा सासूबाईंना घेऊन मी रिक्षा कुठे शोधणार? सासूबाईंनी साडी काढून ठेवली होती ती परत घडी घालून कपाटात ठेवली, काही बोलल्या नाहीत.

त्याच रात्री टीव्हीवर तुमच्यातलेच एक निर्माते सांगत होते की मराठी प्रेक्षक थिएटरला येतच नाही, त्याला घरी बसून मोबाईलवर जुने सिनेमेच बघायचे असतात, नवीन काही दिलं की नाक मुरडतो. त्यांचं नाव मी लिहीत नाही कारण हे एकट्याचं म्हणणं नाही, गेली दोन-तीन वर्षं बहुतेक सगळ्यांच्या मुलाखतीत हेच ऐकतेय. आम्ही अकराजणी तिकीट काढून तयार होतो हो. म्हणून हे पत्र.

आमच्या घराचा सिनेमाशी संबंध आहे तो आधी सांगते. माझे सासरे सुतार होते. कोल्हापुरात शूटिंग व्हायची तेव्हा सेटवर वाड्याचे दरवाजे, जोती, खिडक्या, देवळाचे खांब असली कामं त्यांनी बरीच वर्षं केली. कोल्हापुरात असं एखादं घर प्रत्येक गल्लीत सापडेल, कुणी लाईट उचलायला, कुणी जमावात उभं राहायला, कुणी घोडे घेऊन पन्हाळ्यावर गेलेलं. हे गावच तसलं आहे. बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला तो १९२५ साली आणि इथेच, प्रभात कंपनी १९२९ ला इथेच सुरू झाली आणि मग १९३३ ला पुण्याला गेली. त्यामुळे सिनेमा म्हणजे मुंबईवाल्यांचं काहीतरी असं आम्हाला कधी वाटलं नाही, आमच्या घरात त्याच्यावर जेवण चालायचं.

आता जुनं आणि नवीन. तुम्ही म्हणता आम्हाला जुनंच आवडतं. आमच्या भिशीत याच्यावर एकमत नाही आणि कधी होईल असंही वाटत नाही. सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या दोघी म्हणतात की आताच्या सिनेमात कुणी मनापासून बोलतच नाही. माझ्या वयाच्या आम्ही पाच-सहाजणी, आमचं बालपण लक्ष्या, अशोक सराफ, महेश कोठारे, सचिन यांच्या सिनेमांवर गेलं, 'अशी ही बनवाबनवी' पाठ आहे सगळ्यांना. आणि भाची म्हणते की आत्या, तुम्ही जुन्यातले निवडक दहा-बारा घेता आणि आताच्या सगळ्या कचऱ्याशी त्याची तुलना करता. तेव्हाही कचरा होताच, तो तुम्ही विसरलात. तिचं हे म्हणणं मला पटतं. बायकोच्या थोबाडीत मारल्यावर टाळ्या पडायच्या असे सिनेमे मी स्वतः बघितलेत, सासू छळतेय आणि सून नुसती रडतेय तीन तास, आणि थिएटरभर बायका पदर डोळ्याला लावून बसल्यात. मीही रडले होते. आज माझ्या भाचीला तो सिनेमा दाखवायची मला लाज वाटेल. ती म्हणते तुमच्या गावाकडच्या जुन्या सिनेमांत पाटील आणि तमाशातली बाई सोडून गावात दुसरं कुणी राहतच नव्हतं का? 'फँड्री'तल्या, डुकरं पकडणाऱ्या घरातल्या जब्यासारखा पोरगा तुमच्या त्या सिनेमांत कुठे होता? याच्यावर सासूबाईंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. 'कोर्ट' तर आम्ही तिच्यामुळेच बघितला, आणि सासूबाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत, कॅमेरा एका जागेवर ठेवून एवढा वेळ माणसं दाखवलीत तरी कंटाळा आला नाही म्हणाल्या.

तेव्हा आम्ही जुन्यात रमलोय हे खरं नाही. 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर तो मान मराठीला परत मिळायला पन्नास वर्षं गेली आणि मिळाला तो 'श्वास'ला, एका नातवाच्या आणि आजोबांच्या साध्या गोष्टीला. 'सैराट' आला २०१६ ला, दोन्ही मुख्य पोरं अगदी नवीन, कुणी त्यांना ओळखतही नव्हतं, तरी कुणी म्हणालं नाही प्रेक्षक येत नाही. आमच्या कामवाल्या मावशींनी तो तीनदा बघितला, त्यांच्या आयुष्यातला थिएटरमधला तो दुसराच सिनेमा होता. तुम्ही आमच्यातल्याच माणसाची गोष्ट खरी सांगितली की आम्ही येतो. याच्यात जुनं-नवं काही नाही.

मग तक्रार काय आहे ते एकेक करून लिहिते.

पहिली तक्रार आवाजाची, आणि ही मी सगळ्यात वर ठेवतेय कारण भिशीत एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं ते याच्यावर. बोललेलं कळत नाही. नट पुटपुटतात, आणि त्याच्यावर मागचं संगीत एवढं मोठं चढवलेलं असतं की दुःखाचा सीन असला तर व्हायोलिन आणि भांडणाचा असला तर ढोल, आणि माणूस काय म्हणाला ते आम्ही एकमेकींना विचारत बसतो. शांतारामबापूंचा 'कुंकू' १९३७ चा. त्याच्यात पार्श्वसंगीत नाहीच, घरात जे आवाज असतात तेच, आणि तरी म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या त्या पोरीचा राग अंगावर येतो. तेव्हाची यंत्रं कसली आणि आताची कसली. तेव्हाचे बरेच नट नाटकातून आलेले, शेवटच्या रांगेत बसलेल्यापर्यंत शब्द पोचवायची सवय होती. आता सेटवरच आवाज रेकॉर्ड करता ते चांगलंच आहे, खरा वाटतो, पण मग मिक्सिंग करताना तो जपा की. सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं. पडद्याखाली सबटायटल असतात, पण इंग्रजीत! मराठी सिनेमा, मराठी थिएटर, मराठी बाई, आणि तिला वाचायला दिलंय इंग्रजी. मराठीत द्या ना त्या ओळी. ऐकू कमी येणाऱ्यांना समजेल, आणि आमच्या शेजारी कानडी कुटुंब आहे त्यांची पोरं मराठी शाळेत जातात, त्यांनाही उपयोग होईल. इंग्रजी ओळी करायलाही माणूस लागतोच ना, मग मराठी करायला किती खर्च येणार आहे?

दुसरी तक्रार, आम्ही तुमच्या सिनेमात दिसत नाही. मोठा फ्लॅट, पांढऱ्या भिंती, नवरा-बायको दोघं लॅपटॉपवर काहीतरी करतात, नक्की काय करतात ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि मध्यंतरानंतर सगळे लंडनला. तिथे त्यांना कुटुंबाचं महत्त्व कळतं. असे किती बघायचे? 'सावकारी पाश'मध्ये शंभर वर्षांपूर्वी जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी होता. 'माणूस' १९३९ चा, त्याच्यात एक साधा पोलीस शिपाई आणि एक वेश्या. १९७५ चा 'सामना' बघा, साखर कारखानदारीतला मोठा माणूस, आणि एक दारुडा मास्तर एका गायब झालेल्या माणसाचं काय झालं एवढंच विचारत राहतो, बास, आणि अख्खा महाराष्ट्र त्याच्यात दिसतो. साखर कारखाने अजून आहेत. इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, ऊसतोडीला येणाऱ्या बायका आहेत, २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्याकडे पूर आला, माणसं पत्र्यावर बसून होती, माझ्या मावशीचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. एवढं सगळं इथे घडतंय आणि पडद्यावर आम्हाला पुण्यातल्या जोडप्याचं जुळतंय की नाही हेच बघायचं. त्यांचंही बघू, पण फक्त तेच?

तिसरं, आणि हे जरा रागानेच लिहितेय. तुम्हीच आम्हाला जुनं विकता आणि मग म्हणता प्रेक्षक जुन्यात अडकलाय. जुन्या हिट सिनेमाचा दुसरा भाग, तिसरा भाग, जुनं गाणं नवीन ढोलावर, जुन्या नटाची नक्कल करणारा नवीन नट. खेबूडकर आणि गदिमांची गाणी तुम्ही परत वाजवता पण तसं लिहिणाऱ्याला शोधून वेळ देत नाही. आणि शिवकाळावरचे सिनेमे. महाराजांचं नाव घेतल्यावर आम्ही येणारच हे तुम्हाला माहितेय, आमची श्रद्धा आहे तिथे. पण म्हणून लिहिण्याची मेहनत सोडायची का? सगळे सारखेच ओरडतात, सगळं स्लो मोशनमध्ये, आणि गड कॉम्प्युटरवर काढलेला. भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' केला १९५२ ला. त्याच्या चार वर्षं आधी, १९४८ ला, त्यांचा स्टुडिओ जळाला होता, परत उभा केला आणि मग हे काम केलं. सासूबाई म्हणतात भालजीबाबांच्या सिनेमातला मावळा चालत आला तरी चिखलातून आलेला वाटायचा. आताच्या मावळ्याच्या फेट्याला सुरकुती नसते.

चौथी गोष्ट वेळेची, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. एकाच शुक्रवारी तुम्ही चार-चार मराठी सिनेमे लावता. एकमेकांचे पाय तुम्हीच ओढता आणि सोमवारी चौघांचेही शो कमी होतात. आम्ही महिन्यातून एकदा जाणार, फार तर दोनदा, चार कुठून बघणार? आणि जो बघायचा ठरवतो तो दुसऱ्या रविवारपर्यंत टिकतच नाही. पूर्वी सिनेमा आवडला की बघणारा येऊन शेजारणीला सांगायचा, ती पुढच्या आठवड्यात जायची. 'सांगत्ये ऐका' पुण्याला विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. तेवढं कुणी मागत नाहीये, तेव्हा टीव्ही नव्हता, मोबाईल नव्हता, कळतं आम्हाला. पण तोंडी प्रसिद्धीला दोन आठवडे तरी लागतात की नाही? तुम्ही शुक्रवार ते रविवारचे आकडे बघून निकाल लावता. ज्यांच्या घरी शनिवारी पाहुणे, रविवारी जेवणावळ, त्या बायका सिनेमाला बुधवारी दुपारी जातात, तो बुधवार तुम्ही आम्हाला देतच नाही.

थिएटर मिळत नाही हे दुखणं जुनंच आहे हेही मला माहितेय. दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला दादरला थिएटर मिळावं म्हणून १९७१ ला शिवसेनेला आंदोलन करावं लागलं होतं. २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राईम टाइम द्यायचा निर्णय केला, केवढा गाजावाजा झाला. दहा वर्षं झाली. मला नियमातलं कलम कळत नाही, मला एवढंच कळतं की माझ्या हातात साडेबाराच्या शोची अकरा तिकिटं होती आणि तो शो झाला नाही. थिएटरवाल्यांना मी विचारते की अकरा तिकिटं गेलेला शो आदल्या रात्री काढून घ्यायचा असेल तर बुकिंग घेता कशाला? आणि निर्मात्यांना विचारते की तुमचा शो असा काढला जातो तेव्हा तुम्ही कुठे असता? पहिल्या दिवशी सेल्फी काढायला येता, रविवारी या ना.

तिकिटाचं थोडक्यात. आमच्या अकराजणींचा एका सिनेमाचा खर्च रिक्षा धरून तीन हजाराच्या पुढे जातो, खायला आम्ही तिथे काही घेत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एक दिवस ७५ रुपये तिकीट केलं होतं तेव्हा किती गर्दी झाली ते तुम्हीच बघितलंत. मराठी सिनेमाला आठवड्यातून एक दिवस, मंगळवार म्हणा बुधवार म्हणा, शंभरच्या आत तिकीट ठेवून बघा.

आता शेवटची तक्रार, माझ्या घरची. सासरे गेले २०१४ ला. त्यांनी काम केलेले सिनेमे सासूबाईंना बघायचे असतात, मी मोबाईलवरून टीव्हीला लावून देते. जे सापडतात त्यांची दशा बघवत नाही. रंग उडालेले, गाण्याचा अर्धा भाग गायब, मध्ये एक अख्खा प्रसंगच नाही, कोपऱ्यात दोन-दोन लोगो. आणि त्याहून वाईट म्हणजे जुन्या सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी, ती आताच्या रुंद टीव्हीवर बसवायला वरून आणि खालून कापलेली. माणसांची डोकी कापली जातात. एका सिनेमात सासऱ्यांनी केलेला वाड्याचा दरवाजा आहे, त्याच्यावरच्या गणेशपट्टीचं कोरीव काम त्यांनी रात्री जागून केलं होतं, घरात पंचवीस वेळा सांगितलेली गोष्ट आहे ती. लावला सिनेमा, दरवाजा आला, आणि चौकट वरच्या बाजूला कापलेली. गणेशपट्टी नाहीच. सासूबाई म्हणाल्या, अगं जरा वर कर ना. मी काय वर करणार.

तुम्ही ज्याला जुन्यात रमणं म्हणता ते हे असं आहे. आमच्याकडे जुनं धड बघायलाही नाही. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची सगळी रिळं उरली नाहीत, २००३ ला पुण्यात जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली त्यात कितीतरी नायट्रेटची, पटकन पेट घेणारी रिळं जळून गेली. ते गेलं ते गेलं. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या सिनेमांच्या निगेटिव्ह कुणाच्या तरी ताब्यात आहेत, कुणाच्या गोडाऊनमध्ये, कुणाच्या वारसांच्या भांडणात. आणि भाची सांगते की तिच्या शाळेच्या वयातले, २००५-२०१० च्या सुमाराचे काही मराठी सिनेमे आज कुठेच मिळत नाहीत, ना ओटीटीवर ना डीव्हीडीवर. म्हणजे तुमचे आताचे सिनेमेसुद्धा वीस वर्षांनी असेच जाणार. तेव्हा ते चांगले होते की वाईट हे सांगायलाही कुणाकडे पुरावा नसेल.

आमच्या मागण्या अशा आहेत. मराठी सिनेमाला मराठी सबटायटल द्या, निदान रविवारच्या दुपारच्या एका शोला. संवाद ऐकू येतील असं मिक्सिंग करा आणि ते छोट्या गावातल्या साध्या थिएटरमध्ये बसून ऐकून बघा, स्टुडिओतल्या स्पीकरवर नको. एका शुक्रवारी दोनपेक्षा जास्त मराठी सिनेमे येणार नाहीत असं तुम्ही आपापसात बसून ठरवा, त्याला सरकार लागत नाही. सिनेमाला दोन आठवडे दुपारचा किंवा संध्याकाळचा एक शो टिकेल असं थिएटरशी लेखी घ्या, आणि बुकिंग झालेला शो रद्द होणार नाही हेही त्यात घाला. ज्यांच्याकडे जुन्या सिनेमांचे हक्क आहेत त्यांनी निगेटिव्ह पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला जपायला द्याव्यात, हक्क तुमचेच राहू देत, आणि इंटरनेटवर टाकताना पूर्ण लांबीचे आणि पूर्ण चौकटीचे टाका. महिन्यातून एकदा एखादा नीट केलेला जुना सिनेमा थिएटरला लावा, आम्ही पैसे देऊन येऊ. आणि लेखकाला नटाच्या आधी साइन करा, पैसेही वेळेवर द्या. ही शेवटची मागणी भाचीची आहे, तिची मैत्रीण लिहिते.

पुढची भिशी येत्या दुसऱ्या रविवारी आहे, बारा वाजता चिठ्ठी निघते. साडेबाराच्या शोला तुमच्यापैकी कुणाचा सिनेमा असेल तो आम्ही बघणार, पुण्यातल्या जोडप्याचा असला तरी. तुमच्यापैकी कुणी आलं तर सिनेमानंतर चहाला थांबा, काय आवडलं आणि काय नाही ते तोंडावर सांगू. सासूबाई कडेच्या सीटवर बसतात, उजव्या कानाने ऐकू येतं म्हणून, त्यांच्या उजवीकडची जागा तुमच्यासाठी ठेवते.

आपली,
कोल्हापूरची एक प्रेक्षक
आणि भिशीतल्या बाकी दहाजणी